काळ्याची खोली

काळा रंग आमच्या घरात कुणालाच आवडत नव्हता, आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आम्ही त्याच्यावरच जगत होतो. पुण्या-मुंबईकडच्या बायकांना वर्षातून एका सणाला काळी साडी नेसायची हौस येते. ती कोशाची असली तर मग काय, सोन्याहून पिवळं. कोसा म्हणजे आमच्याकडच्या जंगलातलं रेशीम. बाहेर त्याला टसर म्हणतात आणि कौतुकाने हात फिरवून पाहतात. आम्ही त्याच्या सुताच्या लड्या रंगाच्या पाण्यात बुचकळून हात खराब करून घेतो.

आमचं गाव भंडाऱ्याहून एस.टी.ने जवळच. गल्लीत शिरलं की मागांचा खटखटाट, आणि बोलायचं तर त्याच्यावर आवाज चढवून बोलायचं. म्हणून आमच्या गल्लीतली माणसं बाहेर गेली की भांडखोर वाटतात. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा ओट्याओट्यावर चर्चा झाली. बाबांना काळजी एकच होती. रंगासाठी हिरडा आणून देणारा माणूस आता दुसऱ्या जिल्ह्याचा झाला, तो येईल की नाही? तो पोतं घेऊन नेहमीसारखा आला, चहा प्याला आणि म्हणाला, "जंगलाले कोनी सांगतलं नाई अजून." त्यावर बाबा हसले, असं हसताना मी त्यांना फारसं पाहिलं नव्हतं.

बाकीचे सगळे रंग आम्ही अंगणात निंबाखाली काढायचो. काळ्यासाठी मात्र विहिरीपलीकडे एक वेगळी खोली होती. मातीच्या भिंती, वर टिना, खिडकी नाही, आणि एक जाड फळ्यांचं दार. काळा काढायचा तर ते दार आतून कडी घालून बंद करायचं, कारण काळ्याला नजर लागते. सवाष्णीने आत पाऊल टाकायचं नाही, कारण काळ्याची वाफ कुंकवाला चांगली नाही. सूत पुरतं काळं झाल्याशिवाय बाहेर आणायचं नाही. माझ्या आईने त्या खोलीचा उंबरा कधी ओलांडला नाही. चहासुद्धा दाराबाहेर दगडावर ठेवून, कडी वाजवून ती परत जायची.

त्या खोलीत माझी आत्या बसायची. बाबांची मोठी बहीण, लग्नानंतर लवकरच विधवा होऊन एका ट्रंकेसह परत आलेली. सवाष्ण नाही म्हणून काळा तिच्या वाट्याला आला, असं आम्ही समजत होतो. सकाळी ती आत जायची आणि दिवस कलल्यावर बाहेर यायची, डोळे धुराने लाल, नखं काळी. ती नखं पुढे उन्हाळ्यातसुद्धा पांढरी होईनात. लहानपणी ती मला भरवायची तेव्हा मी तोंडाकडे येणाऱ्या घासाकडे न बघता त्या नखांकडे बघायची. पण तिचा काळा असा पक्का बसायचा की साडी फाटेल, रंग हलणार नाही.

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शस्त्रक्रिया झाली, तरी एका डोळ्याला पूर्वीसारखं दिसेना. त्या वर्षी काळ्यात पट्टे उमटले. व्यापाऱ्याने साड्या परत केल्या आणि जाताना बाबांना सांगून गेला की मिलचं काळं सूत बाजारात तयार मिळतं. आता घरात सवाष्ण नसलेल्या बाया दोनच. एक आत्या आणि दुसरी मी, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली आणि नागपूरला एम.एस्सी.ला जायची स्वप्नं बघणारी.

"एवढा साल काळा काढून दे," बाबा म्हणाले. "मंग पाहू नागपूरचं."

बाबा वाईट नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. वाईट असते तर भांडायला सोपं गेलं असतं.

काळा कसा होतो ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हिरडे कुटून मोठ्या पितळी गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळायचे आणि त्या काढ्यात लड्या मुरवायच्या. मग त्यात हिराकसाचं पाणी घालायचं. हिराकस म्हणजे लोखंडाचा हिरवट खडा. हिरड्याचा तुरटपणा आणि हिराकसातलं लोखंड भेटले की काळा होतो. म्हणजे काळा कुठून आणून लावायचा नसतो, तो तिथेच पाण्यात जन्मतो. सगळी मेख एवढीच की तो सुताच्या आत जन्मला पाहिजे. पाण्यातच जन्मला तर गाळ होऊन तळाशी बसतो, आणि सुतावर नुसती काजळी चढते.

पहिल्या दिवशी मी कडी लावली, भट्टी पेटवली, काढा उकळला आणि गरम गंजात हिराकसाचं सगळं पाणी एकदम ओतलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गंज शाईसारखा काळा झाला. मी मनात म्हटलं, आत्या उगाच दिवसभर बसायची. दुसऱ्या दिवशी विहिरीवर लड्या धुतल्या तर अर्धा काळा नालीत वाहून गेला, आणि जो उरला तो कबऱ्या मांजरासारखा. बाबांनी एक लडी उचलून आपल्या पांढऱ्या बनियनवर घासली. छातीवर काळा फराटा उमटला. ते एवढंच म्हणाले, "उतरते." आणि मागावर जाऊन बसले. ओरडले असते तर मीही ओरडले असते, पण त्यांनी तीही सोय ठेवली नाही.

मी आत जाऊन गंजाच्या तळचा गाळ बघत बसले तेव्हा कॉलेजातला एक प्रयोग आठवला. कागदावर पेनाने फुली काढायची, तिच्यावर चंचुपात्र ठेवायचं, दोन द्रावणं एकत्र करायची. पाणी हळूहळू गढूळ होतं आणि वरून फुली दिसेनाशी होते. गरम पाण्यात फुली चटकन जाते, थंड पाण्यात ती रेंगाळते. पातळ द्रावणात अजून रेंगाळते. मी तो प्रयोग पास होण्यापुरता केला होता, आणि फुली जाते तर जावो असा माझा एकंदर पवित्रा होता. आता कळलं की माझं सारं दुखणं घाईचं होतं. लोखंड आणि हिरडा इतक्या चटकन भेटत होते की सुताच्या आत शिरायला त्यांना वेळच मिळत नव्हता. वऱ्हाडी दारात पोचायच्या आधीच लग्न लागून मोकळं.

मग मी त्यांची भेट लांबवायला लागले. काढा पुरता निवू दिला. पाणी वाढवून दोन्ही पातळ केले. हिराकसाच्या पाण्यात चिंचेचा कोळ गाळून घातला. आंबट असलं की लोखंड जरा आवरून धरलं जातं आणि काळा लगेच धरत नाही. आणि हिराकस एकदम न ओतता वाटी-वाटीने, मध्ये लड्या खालीवर करत, पुन्हा थांबून. गंज आधी राखाडी, मग जांभळट, मग कुठे काळा. हात पाण्यात आणि डोळे पाण्यावर. एक वाटी लवकर पडली की पट्टा, एक वाटी उशिरा पडली की सूत काढा सोडून द्यायला लागे. मध्येच उठून जायची सोय नाही. कुणी हाक मारली तर "ओ" द्यायची, उठायचं नाही.

काळा बसला. बाबांनी लडी बनियनवर घासली, बनियन पांढरंच राहिलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला रडू आलं. तेव्हा मला वाटलं, झालं, सुटले.

कसची सुटते? व्यापारी परत आला आणि बाबा गल्लीत सांगत सुटले की काळा काढावा तर आमच्या पोरीनं. जूनमध्ये मी नागपूरचा विषय काढला तर म्हणाले, "तू गेल्यावर थंडीत काळा कोन काढन? तुह्याच हाताले तो बसते." म्हणजे मला काळा जमला नसता तर मी घरात उपयोगाची नाही म्हणून नागपूरला गेले असते, आणि जमला म्हणून अडकले. जितकी नीट करू तितकी कडी घट्ट. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं माझं झालं.

लग्नाचंही तसंच. इतर घरांत बापाला पोरीची घाई असते. आमच्याकडे पाहुणे यायचे म्हटलं की बाबा आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघत आणि म्हणत, "संक्रांत होऊ द्या." आईला त्याचा राग यायचा. मला नाही यायचा, कारण मला लग्न नको होतं, नागपूर हवं होतं. पण पुढच्या हिवाळ्यात एकदा हात धुताना मी सहज नखांकडे बघितलं. साबण लावला, लिंबू घासलं, विटकरीचा तुकडा घासला. काळा हलला नाही. मला आत्यासारखं व्हायचं नव्हतं. माझं तिच्यावर प्रेम होतं, तरी व्हायचं नव्हतं.

त्या खोलीत मी सगळं ताब्यात आणलं होतं. पाणी किती, आंबट किती, हिराकस केव्हा. एक दार तेवढं माझ्या हातात नव्हतं. भट्टीची गरमी आत कोंडून राहायची, काढा निवायला अर्धा दिवस जायचा, आणि तोवर मी धुरात खोकत बसायची. शिवाय काळा हवेने पिकतो. सूत गंजातून वर काढून वाऱ्यावर धरलं की लोखंडाला हवा लागते आणि राखाडी रंग बघता बघता गडद होतो. त्या कोंदट खोलीत वारा कुठला? मी टोपल्याच्या झाकणाने लड्यांना वारा घालायची. तोही सगळीकडे सारखा लागायचा नाही.

"बाबा, दार उघडं ठेवलं तर काम अर्ध्या वेळात होईल," मी म्हटलं.

"दाराचं नाव काढू नोको," बाबा म्हणाले. "ते सोडून काय पायजे ते कर."

मग त्याच हिवाळ्यात माझ्या भावाचं लग्न झालं आणि वहिनी आली. एकोडीची, धानाच्या शेतातली, घरात बसायची मुळीच सवय नसलेली. तिला आमच्या घरात कशाचं नवल वाटलं असेल तर त्या दाराचं. मी आत असले की ती बाहेर दगडावर येऊन बसायची आणि फळीला तोंड लावून बोलायची.

"ताई, अंदर काय करून राहिल्या येवढा वेळ?"

"काळा होण्याची वाट बघते."

"वाट पाहाची तर बाहेर पाहा ना. धान पिकाची वाट आमी का कोठ्यात बसून पाहातो?"

मी हसले, आणि हसता हसता तिला बंद दाराआडून सगळं सांगायला लागले. आता वाटी घातली, आता राखाडी झाला, आता थांबले. चार दिवसांत तिला सगळं पाठ. एकदा मी आतून म्हटलं, "जांभळा आला," तर तीच बाहेरून म्हणाली, "मंग आता घाई नोका करू." मला एकदम वाटलं, ही करेल. ही माझ्याहून बरी करेल, हिला तर वाट बघायचाही कंटाळा नाही. मी कडीला हात घातला आणि आठवलं की ती सवाष्ण आहे.

त्याच संध्याकाळी मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. हात तसेच काळे.

"वहिनीला शिकवते. जूनमध्ये मला जाऊ द्या."

"सवाष्ण आहे ते."

"मग काय झालं?"

"बापजाद्याची रीत आहे. तुले एकटीले खुपते काय?"

"कुणी लावली ही रीत? मला त्याचं नाव सांगा!"

माग थांबले होते, म्हणून माझा आवाज साऱ्या घरात गेला. आई चुलीपाशी थबकली, वहिनी दारात आली. बाबांनाही आता राग आला. "जा, आपल्या आत्याले विचार," ते म्हणाले. वाद मिटवायचा असला की आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचं नाव घेतात.

आत्या अंगणात बाजेवर बसली होती. मी तिच्याकडे गेले, मागून बाबाही आले.

"आत्या, ही दाराची रीत कुणाची? आजीची?"

तिने आवाजाच्या रोखाने मान वळवली. मग म्हणाली, "माही."

"म्हणजे?"

"आईच्या वक्ती काळा आंगनातच निघे, निंबाखाली. आई गेली तवा तू बारका होता, मंग काळा बंदच पडला. मी परत आली तवा दार मी लावलं, आन् आईची रीत म्हनून सांगतलं."

"काहून?" हे बाबांनी विचारलं.

"रडाले जागा पायजे होती बापू." तिचा आवाज काही हलला नाही. "येवढ्या घरात दार असलेली ते एकच खोली. बाहेर रडली तं लोक म्हनत, भावाच्या घरी येऊन पडली आन् वरून रडून राहिली. अंदर रडली तं धुरानं डोये लाल झाले म्हनता ये. सवाष्णीचंबी मीच सांगतलं. नाईतं तुही बायको अंदर येऊन बसे मले समजवाले."

आई पदराचं टोक तोंडावर धरून उभी होती.

"आन् काळा?" बाबांनी विचारलं. "तो कसा काय बसे तुह्या हातानं येवढा पक्का?"

"थोडं थोडं हिराकस टाके. घाई कायची होती? काळा झाला की बाहेर या लागे."

खोटं कशाला सांगू, मला तिचा राग आला. माझे दोन हिवाळे, माझी फुफ्फुसं, माझं नागपूर, हे सगळं तिच्या एका थापेवर गेलं होतं. मी चिंच मोजत होते, पाणी मोजत होते, टोपल्याच्या झाकणाने वारा घालत होते, आणि कडी आतल्या बाजूला होती. ती मी रोज माझ्याच हाताने लावत होते. एवढा राग आला की मी विहिरीवर जाऊन हात घासत बसले.

बाबा मात्र तिच्याजवळ बाजेवर बसले. "मले काहून नाई सांगतलं?" ते म्हणाले.

"तुले सांगतलं असतं तं तूबी रडला असता. मंग माग कोन चालवला असता?"

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतः ते दार सताड उघडलं आणि ते मिटू नये म्हणून खाली वीट लावली. वहिनी आत आली, तिने पदर खोचला, आणि मी बाहेर दगडावर बसून बघत राहिले. गंज लवकर निवला. वारा खोलीतून आरपार गेला नाही, पण आला तेवढा पुरला. वहिनीने लड्या उचलून दारात आणल्या, उजेडात धरल्या, आणि राखाडीचा काळा होताना आम्ही सगळ्यांनी पाहिला. आईनेसुद्धा, आयुष्यात पहिल्यांदा. पट्टा म्हणून नाही. लड्या धुऊन झाल्यावर बाबांनी एक बनियनवर घासली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "जा."

जूनमध्ये नागपूरला प्रवेश मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी सारखी रिपरिप लागली होती. मी सगळ्यांच्या पाया पडायला निघाले तर आत्या कुठे दिसेना. बाज रिकामी, तिची काठीही नाही. विहिरीपलीकडे बघितलं तर काळ्याच्या खोलीचं दार बंद होतं, आणि बाबांनी लावलेली वीट बाहेर पावसात पडली होती.

मी दारापाशी गेले. कडी आतून होती. आत काही आवाज होत होता, मी तो ऐकला आणि हाक न मारता दगडावर बसले. टिनांवर पाऊस वाजत होता, आणि तो मोठ्याने वाजतोय याचं मला बरं वाटलं.

थोड्या वेळाने वहिनी डोक्यावर पोतं घेऊन आली. "ताई, भिजून कायले राहिल्या? आत्या कुठी आहेत? जेवाले बोलावून राहिले."

"नंतर येतील," मी म्हटलं. "आत काळा काढणं चाललंय. आता कुणी यायचं नाही."

पावसाळ्यात काळा कुणी काढत नाही. हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. टिनांतून धूरही निघत नव्हता. तिने दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, डोक्यावरचं पोतं काढून माझ्या डोक्यावर घातलं, आणि भिजत घरात सांगायला गेली की जेवायला थोडा वेळ लागेल.